डावा कान

मे महिना, सीताबर्डी, पारा सेहेचाळीसवर.
डोक्याला दुपट्टा, पर्समध्ये पांढरा कांदा,
आणि मी काउंटरवर म्हणते,
"उबदार आवाजाचे इअरफोन दाखव, बाबू."

तौसीफ नाव पोराचं. आधी गप्प, मग खुदकन हसला.
"मॅडम, या उन्हात अजून ऊब कायले पाहिजे?"
मागे कूलर घरघरत होता,
ताज्या वाळ्याचा वास,
आणि एक शिंतोडा थेट माझ्या चष्म्यावर.

पहिली जोडी चांदीसारखी चकचकीत.
झांज वाजली की फोडणीत मोहरी तडतडावी,
गायिकेचा प्रत्येक 'स' सुईत ओवून कानात.
"यात सगळं ऐकू येते," तो म्हणाला,
"गाणारीनं आवंढा गिळला तरी."
मी लगेच काढली.

दुसरीत नुसता धडधडाट,
मानेवाड्याच्या चौकात वरात अडकते तसा.
गाणारी बिचारी मंडपाबाहेर उभी.

कसं सांगू या पोराला
की सत्तावीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजात बसले,
उजव्या कानावर हेडसेटची काळी वाटी.
गोंदिया, बल्लारशा, वरोरा, काटोल.
"तीन मिनिटं झाली, वाढवायची?"
'हॅलो'च्या आधीच्या श्वासावरून कळायचं
कोण पैसे मागणार, कोणाकडे मयत झाली,
कोण खोटं बोलणार मुलीकडच्यांशी.
ऐकायचं नाही, असा नियम होता.
कानाला नियम वाचता येत नाही.
एकदा वणीचा एक बाप बोललाच नाही,
तीन मिनिटं नुसता लाइनवर होता.
मी तिकीट भरलं. पैसे लावले.

तिसरी जोडी तपकिरी, चिंचोक्यासारखी.
वायर कानामागून घ्यायची,
रबराची टोपी सगळ्यात लहान मापाची,
त्यानंच फुंकर मारून दिली.
तानपुरा आला तो शेजारी सरकून बसल्यासारखा,
बाया घुमला, रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तसा,
आणि गळा,
वापरून वापरून कडा गेलेल्या पायरीसारखा,
कुठेच न टोचणारा.
मी दुकानात उभी आहे हे विसरले.
मागच्या गिऱ्हाइकानं खाकरून आठवण दिली.

"पण एक सांगतो," तौसीफ म्हणाला. प्रामाणिक पोरगा.
"यात बारीक बारीक गोष्टी जातात थोड्या.
श्वासबिस एवढे नाही येत."
"जाऊ दे."
"ते पहिलेवाले खरे आहेत, मॅडम."
"असू दे रे. खरं ऐकायची नोकरी संपली माझी."

अठराशे सांगितले, सोळाशेवर आला,
वर रबराच्या टोप्यांची एक पुडी फुकट.
मेट्रोत घातले नाहीत.
डबी मुठीत धरून बसले, घाम येईपर्यंत.

रात्री गच्चीवर बादलीभर पाणी मारलं,
सिमेंटनं सूं करून वाफ सोडली,
बाज टाकली.
खाली नगराळ्यांकडे काहीतरी बिनसलेलं,
भांडं आपटलं, दार आपटलं, त्याचा आवाज चढला.
मी टोप्या नीट बसवल्या. नगराळे गेले.

फक्त एक अडचण आहे.
उजवा कान अजून ड्युटीवरच असतो,
आलाप सुरू झाला की ताठ होतो,
कोण, कुठून, किती मिनिटं.
डाव्याला कुणी कधी काही जोडून दिलंच नव्हतं,
सत्तावीस वर्षं तो पंख्याकडे तोंड करून रिकामा.
त्याला अजून पटत नाही की हे त्याच्यासाठी आहे.
मध्येच खाजतो.
मग मी उजव्यातला काढून उशाशी ठेवते,
आणि त्याला एकट्याला
थोडा वेळ ऐकू देते.