बद्द

उद्यमनगरात माझं काम आवाज ऐकण्याचं.
गार झालेलं कास्टिंग साखळीला टांगायचं,
लहान हातोडीचा एक टोला.
खण्ण आलं तर पास.
बद्द आलं तर आत कुठंतरी चीर,
वरून कितीही गुळगुळीत असो, भंगारात.
सोळा वर्षं झाली.
कान सहसा चुकत नाही.

रविवारी मिस्सा संपली की
चर्चमागच्या पत्र्याच्या खोलीत नऊ पोरं.
मे महिन्यात त्यांचा पहिला ख्रिस्तप्रसाद.
फळ्यावर मी लिहितो : क्षमा.
क्ष ची गाठ नीट काढतो,
अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात.
नखांतली काळी वाळू मात्र
खडूनं झाकत नाही.

आजऱ्याला बापाची काजूची बाग, अठरा गुंठे.
त्यावरून मी आणि सायमन
तीन वर्षं एकमेकांच्या उंबऱ्यात नाही.
मागल्या नाताळाआधी तो स्टँडवर दिसला,
हातात आईच्या औषधांची पिशवी,
उन्हात डोळ्यांवर हात धरून पाट्या वाचत होता.
चष्मा लागलाय त्याला, मला ठाऊक नव्हतं.
मी गारगोटीच्या गाडीआड उभा राहिलो
तो निघून जाईपर्यंत.
मग उसाचा रस प्यालो, आलं-लिंबू घालून.
बरं वाटलं.
तेवढं ते बरं वाटलेलं
अजून घशात अडकलंय.

तेव्हापासून स्वर्गातल्या पित्याची प्रार्थना
पोरांसोबत मोठ्यानं सुरू करतो
आणि त्या एका ओळीवर
खोकल्याचं सोंग आणतो.
पोरं पुढं म्हणत जातात,
जशी आम्ही… जशी आम्ही…
नऊ आवाज, एकही बद्द नाही.

आलिशा बारदेस्कर, पुढचे दोन दात पडलेली,
तिनं विचारलं,
"सर, तुमी शेवटचं पापनिवेदन कधी केलंय?"
मी म्हणालो, वही काढा.

त्याच संध्याकाळी किल्ली परत द्यायला गेलो.
फादर लॅझरस बनियनवर,
पाण्याची मोटर उघडून बसलेले.
"माझ्याच्यानं होणार नाही, फादर.
जे मला जमत नाही तेच शिकवतोय मी."
"दहा-अकराचा पाना दे तो."
दिला.
"पाणी आहे रे खाली. वर चढत नाही."
हे मोटरीबद्दल की माझ्याबद्दल
मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
किल्ली मी पायरीवर ठेवली.
ती उचलून त्यांनी तिच्या टोकानं
वॉशरमधला गाळ खरवडला
आणि पुसून माझ्याच हातात दिली.
"शनिवारी चारला आण सगळ्यांना.
आणि चर्चमधलं मांजर आधी हाकल,
तो रिक्षावाल्याचा पोरगा भितो."

शनिवारी मांजर हाकललं.
रांग लावली, उंचीप्रमाणे.
ट्रायफन सगळ्यात बुटका, म्हणून पहिला,
त्यानं माझी पँट मुठीत धरली.
"मला भ्या वाटतंय. तुमी आधी जावा."
"मी नंतर."
"न्हाई. तुमी आधी. मी बघतो कसं करायचं."

आता काय सांगणार.
आठ पोरं बघत होती, नववं धरून होतं.

गुडघे टेकले.
जाळीपलीकडून ग्रीसचा वास आला.
क्रूसाची खूण केली, हात कपाळावरच थांबला,
पुढचं आठवेना,
जे गेल्याच रविवारी फळ्यावर
एक, दोन, तीन करून लिहिलं होतं.
"तीन वर्षं," म्हणालो.
माझाच आवाज ऐकला.
बद्द.
कुणी सांगायची गरज नाही, धंदाच तो माझा.
वाट बघत राहिलो
बाजूला फेकल्याच्या आवाजाची.

पलीकडं फादर जरा सरकून बसले,
खुर्ची कुरकुरली.
"बोल," म्हणाले. "घाई नाही."

मागं ट्रायफन कुणाला तरी सांगत होता,
"सरांचं लई हाय वाटतं."