हाताचे निराळे पैसे

फरासीस चिताऱ्याचा दर ठरलेला.
नुसता चेहरा, शंभर रुपये.
कमरेपर्यंत, दोनशे.
हात हवे असतील तर हाताचे निराळे,
एका हाताला पन्नास,
मूठ मिटलेली असो की उघडी.

मी सटवा, जिनगर आळीतला, तेव्हा सोळाचा.
त्याच्यासाठी सफेदा घोटायचो,
गंजातल्या तेल्याकडून जवसाचं तेल आणून
आठ-आठ दिवस उन्हात निवळत ठेवायचो.
कापड ताणायचो खोगिराच्या चिमट्यानं.
ते त्याला फार आवडलं होतं,
दोनदा हसला.

नाव दलमार. निदान आम्ही तसं म्हणायचो.
बाप केसांचे टोप विणणारा,
पोरगा चुन्याचे पुतळे बघून बघून
माणूस काढायला शिकला.
म्हणून त्याची माणसं आधी पांढरी, गार,
आणि गालाला हिंगूळ लागला
की दचकून जागी झाल्यासारखी.

"राजवाड्यात पंधरा वर्षं,"
तो मोडक्या हिंदुस्थानीत सांगायचा,
"हनुवट्या कमी केल्या. देवीचे व्रण बुजवले.
एका उमरावाच्या पाठीमागं
त्यानं न पाहिलेली लढाई काढून दिली.
बायकांच्या माना लांब केल्या, सगळ्यांच्या.
मग दंगा झाला.
त्या माना..."
इथं तो कुंचला धुवायला घ्यायचा.
धुतलेलाच.

गलबतानं फुलचरी, तिथून बैलावर पुणं.
संगमाच्या वाटेला भाड्याची बंगली,
उत्तरेची एक खिडकी, खाली मुठेचं शेवाळ.

हैबतराव निंबोरे आले ते पालखीतून.
उजवा हात मनगटापासून खर्ड्याच्या रानात राहिलेला.
बसले, शेला सारखा केला.
"दोन्ही हात काढ."
"पैसे दोन्हींचे?"
"दोन्हींचे. जो नाही त्याचे आधी घे."

चिताऱ्यानं खोलीभर पाहिलं.
खोलीत मी होतो, आणि माझ्या हातात बत्ता.

तीन दुपारी मी तलवारीची मूठ धरून बसलो.
म्यानं आमच्या घरानं चार पिढ्या शिवली,
तलवार कशी धरतात हे कुणाला ठाऊक?
हैबतराव उठले,
डाव्या हातानं माझी बोटं एकेक बसवली.
"अंगठा आत. असा. पाणी प्यायच्या भांड्यासारखी नको धरूस."
आमची जात उंबऱ्याच्या अलीकडची की पलीकडची
हा तंटा त्या साली कोतवालीत पडून होता.
ते घरी जाऊन न्हाले असतील.
नसतीलही.

अंगठ्याच्या बेचक्यात माझ्या एक व्रण आहे,
आरी आरपार गेली होती, नऊ वर्षांचा असताना.
चिताऱ्यानं तो काढला.
मी म्हणालो, साहेब, एवढा पुसा.
ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांचे व्रण पुसून भाकरी खाल्ली
त्यानं मान हलवली, नाही.
का, ते मी विचारलं नाही.
सांगण्याइतके शब्द त्याच्यापाशी नव्हते
आणि उजेड चालला होता.

हैबतरावांनी हातांचे पैसे चुकते केले,
चेहऱ्याचे ठेवले.
चितारी पावसाळ्याआधी हैदराबादेकडं गेला,
पोचला की नाही कळलं नाही.
जाताना पंचवीस रुपये माझ्या मुठीत.
एका हाताचे अर्धे.
मी हिशेब करून पाहिला, बरोबर होता.

आता मी सत्तरीचा.
दसऱ्याच्या आधी निंबोऱ्यांकडं खोगीर पोचवतो,
ओसरीवर थांबतो.
दिवाणखान्याचं दार उघडं असतं.
सून तसबिरीला हार घालते,
कुंकवाचं बोट तलवारीच्या मुठीला,
मग मुठीवरच्या हाताला.
पणतू विचारतो, ही खूण कसली?
"खर्ड्याची," कुणीतरी सांगतं, "मोगलाचा भाला लागला होता."
पोरगं तळहात तोंडावर ठेवून बघत राहतं.

मी उजवा हात उपरण्याखाली घेतो.
खोगिराचे बारा झाले,
चार अजून यायचे आहेत.