सळई

पत्रादेवीच्या नाक्यावर सव्वीस वर्षं
मी उभा होतो, हातात सळई घेऊन.
पुढे इन्सुली, बांदा. पाठीमागे तोरसें, पेडणें.
मधे रस्त्यावर आडवा बांबू,
बुडख्याला धोंडा बांधलेला,
उचलायला हलका पडावा म्हणून.
आमच्याकडे सरहद्द म्हणजे एवढंच:
एक बांबू, एक धोंडा,
आणि रात्रपाळीचा मी.

जांभा इकडे तांबडा, तिकडेही तांबडाच.
काजूच्या बिया तिकडच्या वटवाघळांनी
इकडे आणून टाकल्या,
त्यांना कोणी पास विचारला नाही.
पण बाटलीचा दर इकडे एक, तिकडे दुप्पट,
आणि त्या फरकावर
अर्धा गाव जेवत होता. मीसुद्धा.

कुठं कुठं सापडल्या म्हणून सांगू?
नारळाच्या गोणीत, टेम्पोच्या जादा टायरात,
गवताच्या भाऱ्यात,
एकदा तर दशावताराच्या पेटाऱ्यात,
गणपतीच्या मुखवट्याखाली तीन.
रंग न पुसलेला संकासूर
खाली उतरून माझ्या पाया पडला.
म्हणाला, "सायबा, पहाटेपर्यंत सातार्ड्याला नाचायचंय."
सोडला.
एक बाटली ठेवून घेतली. खोटं कशाला बोलू.

बाबा माझे याच वळणावर
पाखल्यांच्या चौकीत स्वयंपाकी.
पंचावन्न साल, ऑगस्टची पंधरा,
चुलीवर भात होता.
आधी पलीकडून घोषणा आल्या,
मग इकडून गोळ्या गेल्या.
त्यानंतर एकोणतीस वर्षं जगले बाबा,
आणि त्या दिवसाबद्दल एकच वाक्य बोलले:
"भात लागला."
स्मारकापाशी शाळेची पोरं झेंडावंदनाला जमत
तेव्हा ते पानाच्या गाड्यामागे उभे राहायचे,
चपला हातात घेऊन.
मी कधी विचारलं नाही.
नोकरी लागली तेव्हा मला म्हणाले,
"चौकीतच?"

आणि ती मार्गशीर्षातली रात्र.
बांबोळीच्या इस्पितळातून परतणारी जीप,
मागच्या बाकावर रोणापालची एक बाई,
मांडीवर गुंडाळलेली गादी.
गाद्यांतून माल जातो, हे मला पाठ होतं.
मी सळई खुपसली.
आत काच वाजली.
"उघडा."
झिलू पार्सेकर बॅटरी धरून होता.
बाईनं रस्त्यावरच गादी पसरली,
आमच्या बांबूखाली, दवात.
पुरुषाचा एक सदरा, घडी न मोडलेला.
चष्मा. स्टीलचा चमचा.
आणि शक्तीच्या पावडरीची बरणी, अर्धी.
मागून दुसरी गाडी येत होती, हळू,
तिच्यात सदऱ्याचा मालक.
बाई पदराची गाठ सोडत म्हणाली,
"पावती आहे बरणीची. दाखवू?"

झिलूनं बॅटरी विझवली.
बांबू कुणी उचलला, मला आठवत नाही.

आता नाका पहिल्यासारखा नाही.
रस्ता चार पदरी झाला,
मोप्याहून विमानं उठतात आणि डोक्यावरून
कुठल्या कुठं जातात, न थांबता.
माझ्या पडवीत मोबाइल म्हणतो
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे,
विहिरीपाशी गेलं की पुन्हा गोव्यात.
बायको हसते: "पाणी काढायला परराज्यात जाते मी."

सळई मी घरी आणली.
दप्तरात 'गहाळ' अशी नोंद, सही माझीच.
परसात रोवली, तिच्यावर वालीचा वेल सोडला.
शेंगा धरतात, भाजी होते,
मी फारशी खात नाही.

झोप कमी झालीये.
तिकडच्या रुग्णवाहिका अजून बांबोळीलाच जातात,
भोंगा वाजवत, अंधार फाडत,
मी अंथरुणात मोजतो: एक. दोन.
परतताना भोंगा नसतो.
नुसती चाकं, ओल्या डांबरावर.
मग उठून पडवीत येतो,
आणि ती गाडी पार होईपर्यंत
उभा राहतो,
चपला हातात घेऊन.