शुक्रवारची गाडी

मोटर मिळाली सोहारच्या भंगारात,
एका मेलेल्या फोर्कलिफ्टच्या पोटात.
पाटीवरचे आकडे घासून गेलेले,
किती किलोवॅट, किती फेरे, देव जाणे.
गुलजमीन म्हणाला, तांब्याचा भाव दे आणि घेऊन जा.
मी शाफ्ट बोटांनी फिरवला.
बेअरिंग कुरकुरलं, पण फिरलं.
इचलकरंजीला जुना माग घेताना
चुलते असंच करायचे: आधी हात लावायचा,
मग नाक मुरडायचं, मग भाव पाडायचा.
अकरा रियाल.

सांगाडा एका जर्मन साहेबाचा.
कॅम्पच्या भिंतीला टेकवून तो मायदेशी गेला,
त्यानंतर कुणीतरी इंजिन उचललं.
मधे राहिली नुसती पोकळी.
दोन रमजान मी ती येता-जाता बघत होतो.

सेल मोबाइलच्या टॉवरचे, चोवीस.
एकेकाला मीटर लावला, नापास ते बाजूला काढले.
कंट्रोलर विमानतळावर बॅगा ओढणाऱ्या गाडीचा.
चेन खजुराच्या कारखान्यातल्या पट्ट्याची,
डिझेलात तीनदा धुतली, तरी
तापली की अजून गोड वास सोडते.
मोटरखालचा पत्रा शाजीनं वेल्ड केला,
म्हणाला, तुटला तर माझं नाव घेऊ नकोस.
मेसमधला सरफुद्दीन पावसकर बॅटरी धरून उभा,
प्रकाश भलतीकडेच, तोंड चालू:
"अरे मेल्या, सेकंडहँड घेतली असतीस
तर आतापर्यंत मस्कतला जाऊन आला असतास."

आणि हँडलवर लाल बटण,
आळंब्यासारखं फुगीर,
अख्खी पॅकिंग लाइन जागेवर थांबवणारं.
बारा वर्षं असल्याच एका बटणाशेजारी उभा आहे.
एकदाही दाबलेलं नाही.
दाबलं की वहीत नाव, वेळ, कारण.

फोनवर शालन विचारते, किती घातलेस?
मी सांगतो, नवा फक्त पॉलिश पेपर.
ती हसत नाही.

नमाज सुटल्यावर
शाजीच्या पिकअपमधून वादीत उतरवली.
वादी म्हणजे डोंगरातला ओढा,
पाण्याची आठवण तेवढी शिल्लक, गोट्यांच्या रूपात.
मूठ पिळली.
काहीच वाजलं नाही.
वाटलं, गेला फ्यूज.
तेवढ्यात गोटे मागं सरकायला लागले.

शेळ्यांनी माना वर केल्या नाहीत.
बाभळीखालचा म्हातारा मात्र उठून आला,
वाकून चाकांच्या मधे बघितलं,
हात आत घालू का नको असं करत
म्हणाला, "वेन अस्सौत?"
आवाज कुठाय?
एवढी अरबी मला येते.
उत्तर तरी सुचलं नाही.

जन्म मागांच्या खडखडाटात,
नोकरी कॉम्प्रेसरला खेटून,
रात्री डोक्यावर एसीची घरघर.
आज टायरखाली खडा फुटलेला ऐकू आला.
लांब कुठंतरी फलजचं पाणी.
आणि मी धाप टाकतो तेव्हा
शेवटी बारीक शीळ वाजते,
हे बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

तिसऱ्या चढाला वास आला,
तापलेल्या वार्निशचा, लाइनवर येतो तोच.
चढ अर्धा उरलेला.
अंगठा आपोआप गेला लाल बटणाकडे,
तिथं पोचून क्षणभर थबकला, सवयीनं,
आणि मी दाबलं.

थांबलं सगळं.
शिट्टी नाही, वही नाही,
धावत येणारा सुपरवायझर नाही.
उन्हात कडकड आवाज करत मोटर निवत होती.
मी बटण फिरवून सोडवलं,
पुन्हा दाबलं.
आणखी एकदा. उगाच.

मग एकशे बारा किलो ढकलत
वादी उतरलो.
म्हातारा तिथंच होता. त्यानं पाणी दिलं,
आणि बोलला नाही, बोट दाखवलं
मागच्या चकतीकडे: लहान आहे.
बरोबर बोलला.
चौपन्न दाती बघायला हवी,
गुलजमीनकडे, सिमेंट मिक्सरच्या ढिगात,
मोटरला एक पंखा,
शुक्रवारी.