बाजू पलटताना

महिन्यातले दहा दिवस मी बेटांवर असते.
तिकडचा फार्मासिस्ट रजेवर गेला की बदलीला मी.
ॲबर्डीनहून संध्याकाळची बोट, लर्विकला उजाडता,
मधे रात्रभर काळं पाणी,
आणि धक्का सुटल्यावर थोड्याच वेळात
फोनच्या माथ्यावरच्या रेघा
एकेक करून विझतात.

म्हणून मर्डोच्या दुकानात आले.
म्हटलं, गाणं वाजवणारं काहीतरी द्या.
फक्त गाणं.
ज्यावर कुणी मला
गोळ्या जेवणाआधी की नंतर, हे विचारणार नाही.

त्यानं काउंटरवर तीन मांडले,
भाजीवालीनं वाटे लावावेत तसे.

पहिला जड, पितळी कडांचा.
यात तुमची अख्खी हयात मावेल, म्हणाला.
किंमत पाहिली, तीनशे दहा पौंड.
माझी हयात इतकी महाग गेलेली नाही.

दुसऱ्याला बटणच नाही, नुसती काच.
डेकवरच्या वाऱ्यात, हातमोजे घालून
काच कुठवर कुरवाळायची?

तिसरा प्लास्टिकचा, गोळ्यांच्या डबीएवढा,
कोपऱ्याला चरा, अठरा पौंड.
हा घेऊ नका, मर्डोच म्हणाला, याला खोड आहे.
एक फाइल संपून दुसरी लागताना
अर्धा सेकंद गप्प बसतो.
हल्ली असलं कुणी चालवून घेत नाही.

मी पर्समधून कार्ड काढलं.
त्यावर मारवा एक आणि मारवा दोन.

द्वारकामावशी भूगोल शिकवायची, सातवी ब.
गायची ती घरातच, कऱ्हाडला, दिवेलागणीला.
वीज मंडळातले महाजनकाका टेपरेकॉर्डर घेऊन यायचे,
नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस.
मारवा घड्याळाचं ऐकत नाही.
षड्जासाठी ताटकळत ठेवणं हाच त्याचा धर्म,
आणि नेमकी तिथेच टेप संपायची.

पलटण्याचं काम माझं. वय नऊ.
मांडी घालून मी चाकावरची फीत मोजत असायचे,
गाण्याकडे लक्ष नव्हतं, खोटं कशाला सांगू.

पहिल्या यंत्रावर लावून बघितलं.
कोमल रिषभ, आणि लगेच षड्ज.
रफू इतकं सफाईदार
की मावशीला श्वाससुद्धा घेऊ दिला नाही.
सलग, मर्डो म्हणाला, कौतुकानं.

मग तिसऱ्यावर.
रिषभ लटकला.
आणि त्या अर्ध्या सेकंदात
झाकण खटकन उघडलं,
माझी बोटं मुरांब्यानं चिकट,
महाजनकाका दबक्या आवाजात, हळू गं,
तबल्यावर काशिनाथ ठेका न मोडता वाट बघतोय,
मावशी तांब्या तोंडाला न लावता वरून पाणी पिते आहे,
आणि कॅसेट एकदा उलटीच बसली,
परत काढली.
टेपवर यातलं काही नाही.
टेपला काय ठाऊक, ती तेव्हा माझ्या हातात होती.

त्या नव्वद मिनिटांत मी कुठे असेनच
तर एवढ्या जागेत.

हाच द्या, म्हटलं.
बिघडलेला आहे, पंधराला न्या, म्हणाला.
चऱ्याचा एक पौंड कापू दिला,
खोडीचे पैसे पूर्ण मोजले.
त्यानं पावतीवर लिहिलं, 'दोष सांगून विकले.'

आता रात्र, केबिनमध्ये डिझेलचा आणि ओल्या लोकरीचा वास.
भिंतीतला एक स्क्रू बोटीबरोबर करकरतो.
रिषभ येतो, थांबतो,
आणि अंधारात माझा अंगठा
आपोआप उठतो, नसलेलं झाकण उघडायला.

वरच्या बर्थवरची बाई विचारते, बोट लागतेय का?

नाही, म्हणते मी,
बाजू पलटतेय.