ग्रुप काढला तो विजेसाठी

ग्रुप काढला तो विजेसाठी.
उद्या दहा ते दोन लाईट जाणार,
नार्व्याच्या धक्क्याकडे तार पडलीय, कुणी हात लावू नका,
एवढंच लिहायचं होतं त्यावर.
मी लाइनमन. फोन घेऊन घेऊन कान तापायचे,
म्हणून एकदाच सगळ्यांना सांगावं, बस्स.

आता त्यात सहाशे अकरा माणसं आहेत
आणि मी खांबावर असतो तेव्हाही
खिशात थरथरत असतं गाव.

पडलेली तार दिसते.
जळलेला फ्यूज वासावरून कळतो.
माणसाची तक्रार येते रात्री अकरानंतर, एकटी,
"रोहिदास, तुला म्हणून सांगतो, माझं नाव कुठे नको."
बोस्त्यांवला वाटतं, कुत्र्याचा तो विनोद त्याच्यावरच.
सुलक्षा म्हणते, शेजारीण मुद्दाम रोमीत लिहिते,
मला अडखळायला लागावं म्हणून.
शेजारीण म्हणते, सुलक्षा माझ्या प्रत्येक मेसेजला अंगठा दाखवते,
आणि तो अंगठा चांगला नाही.
बघतो, म्हणतो मी दोघींना.
बायको कूस बदलते: याचा पगार किती देतात रे?

एकाचं काढलं तर दुसऱ्याचं का ठेवलंस.
ठेवलं तर तू त्यांचाच.
तिंट्यावर चहाला थांबलो तर पदेरसुद्धा सायकल आडवी घालतो,
माझा पावाचा नवा भाव कुणी उडवला?

गेल्या सोमवारी तन्वेशने लिहिलं, एकच ओळ:
टेंब्यावरचं भाट दिल्लीवाल्याला कोणी दिलं
ते गावाला कळत नाही असं समजू नका.
नाव नाही. आडनाव नाही.
काजूच्या झाडाचा फोटो, तोही तिरका.

बारा वाजेपर्यंत पाच तक्रारी.
पाचही जणांचं एकच, हे माझ्यावर आहे, काढून टाक.

मी आधी हसलो. खरंच हसलो.
मग हिशोब केला.
टेंब्यावरची पाच भाटं गेली तर उरतं काय,
मारुतीची घुमटी, आमचा तुकडा
आणि माझा पंचवीस नंबरचा खांब.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
त्यांनीच सांगितलं, नाही म्हणायला येऊन.
आता ते माझ्यापाशी आहे. कुठे ठेवू?
नियम मीच केले होते, तीन:
शिव्या नकोत, गुड मॉर्निंग नको, राजकारण नको.
याला त्यात जागा नाही.

सहावी तक्रार साडेबाराला आली.
भिंतीपलीकडे दादाचा खोकला,
आणि हातात त्याचा मेसेज:
"ते काढ. लोक उगाच काहीही बोलतात."

चवथीला त्याने माझी सही घेतली होती.
मी स्टुलावर, माटोळीला कांगलं बांधत.
खालून कागद वर आला: घरपट्टीचं आहे, इथे आणि इथे.
बायकोचीही लागते म्हणाला.
तिने नेवऱ्यांच्या पिठाचा हात पदराला पुसून केली.
घरपट्टीला बायकोची सही कशाला,
हे मला साडेबाराला सुचलं.

पहाटे पंचवीस नंबरवर चढलो.
लाल माती, चुन्याच्या रेघा, नवे खुंट.
काढलं असतं तर म्हणाले असते, भावासाठी काढलं.
काढलं नाही, तर घरात
हुमण वाढल्याचा आवाज तेवढा.
तन्वेशची ओळ अजून तिथेच आहे.
मी ती ठेवली,
का तिला हात लावायचा मला धीर झाला नाही,
दोन्हीत फरक आहे, पण नीट सांगता येत नाही.

पट्टा एका हाताने धरून लिहिलं:
उद्या दहा ते दोन वीज नाही.
टेंब्यावर नवीन जोडणी आहे.

सहा जणांनी लगेच पाहिलं.
कुणी काही बोललं नाही.
मग बोस्त्यांव: ते ठीक रे, पण पंपाचं पाणी कधी?