फुल्या

परळला, तिसऱ्या मजल्यावर,
टिपणीस डॉक्टरीणबाई दिगंबरच्या तळव्याला
नायलॉनचा बारीक धागा टेकवतात.
"डोळे मिटा काका. लागलं की हो म्हणा."

"हो," म्हणाला हा.
धागा अजून हवेतच होता.
"हो." पुन्हा हवेतच.
आणि अंगठ्यावर वाकेपर्यंत दाबला
तेव्हा गप्प.

चाळीस वर्षं असाच हो म्हणतो.
गॅस बंद केलास? हो.
ऐकतोयस ना? हो.
मी भांडायचे त्यावरून.

बाईंनी कागदावरच्या छापील पावलावर
लाल फुल्या मारल्या:
अंगठा, चवडा, करंगळीखालची जागा.
टाच तेवढी कोरी राहिली.
"घरातही अनवाणी नको. रोज रात्री तळवे बघायचे."
"वाकता येत नाही हो मला."
"मग काकू बघतील."

रात्री त्याचा पाय मांडीवर घेतला,
चष्मा पुसला.
चवड्यात, फुलीच्या नेमक्या जागी,
माझ्या ब्लाउजांच्या डब्यातली टाचणी,
डोक्यापर्यंत रुतलेली.
सकाळपासून चालत होता तिच्यावर,
दूध आणलं, बँकेत जाऊन आला.

उपसली. रक्ताचा एकच थेंब.
"दुखलं?"
त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं,
बराच वेळ,
मग म्हणाला, "हो."